वीस डोकी

"एकवीस वर्षं झाली. माझ्या सदरामुळे एकही माणूस चुकीच्या दारात उभा राहिलेला नाही," वर्तमानपत्राच्या कॅन्टीनमध्ये चहा फुंकत आठवडे म्हणाले. "लोक घड्याळावर ठेवत नाहीत एवढा भरवसा माझ्यावर ठेवतात."

तेवढ्यात टेलिफोन ऑपरेटर बाईंनी दारातून हाक मारली. "आठवडे, तुमचा फोन. माणूस ओरडतोय."

माणूस पार्किंगचा चौकीदार होता.

"तुम्ही छापलंय, सकाळी सात वाजता तलावाकाठी पक्षीनिरीक्षण."

"बरोबर. दर वर्षी असतं."

"तलाव बुजवून दहा महिने झाले. इथे गाड्या लागतात. सतरा माणसं दुर्बिणी घेऊन माझ्या पार्किंगमध्ये उभी आहेत आणि एकही जण गाडी काढू देत नाहीये. पक्षी बिचकतात म्हणे."

"दिसला का एखादा?"

"एक कावळा. त्याची नोंद केली त्यांनी."

आठवडे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. 'येत्या आठवड्यात शहरात' हे सदर ते एकवीस वर्षं लिहीत होते, म्हणून कचेरीने ते नाव ठेवलं होतं. व्याख्यानं, प्रदर्शनं, शिबिरं, सगळं त्यांच्या हातून जायचं. स्वतः ते एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. कार्यक्रम चालू असायचा तेव्हा ते त्याच्या पुढच्या आठवड्यात असायचे. बायकोचा वाढदिवससुद्धा त्यांनी दोनदा आठवडाभर आधी साजरा केला होता.

त्यांची कामाची पद्धत साधी होती. गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा मजकूर उघडायचा आणि तारखा बदलायच्या. शहर दर वर्षी तेच ते करतं, असा त्यांचा अनुभव होता. नवीन काही आलंच तर जुन्या कार्यक्रमाच्या जागी बसवायचं. तलाव बुजल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं, आणि तलावाकडे जायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं.

घरी गेले तर बायको खिडकीपाशी कुणाचं तरी जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. ती रफू करायची. तीस वर्षं करत होती. लोक फाटलेलं आणून द्यायचे, नीट झालेलं घेऊन जायचे, आणि कुठे फाटलं होतं ते शोधत बसायचे. रफू चांगलं असलं की दिसत नाही, त्यामुळे तिचं काम आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यानेही.

"अहो, एक काम होतं," ती वर न बघता म्हणाली. "लायब्ररीवाल्या बाईंनी मला बुधवारी चार ते पाच हॉल दिलाय. प्रात्यक्षिक करून दाखवायचं. वीस माणसं जमली तर दर बुधवार माझा. शिकवायला."

"आणि नाही जमली तर?"

"तर हास्यक्लबाला. ते टपूनच बसलेत." तिने दोरा दातांनी तोडला. "तुमच्या त्या आठवड्यात माझं घाला ना."

"घरच्या माणसाचं कसं घालू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना आपण नवरा-बायको आहोत हे कळायला आपण कधी एकत्र बाहेर पडलोय?"

आठवड्यांनी घातलं.

गेल्या वर्षी त्याच बुधवारी, त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी काहीतरी होतंच. त्यांनी त्याचं शीर्षक खोडून तिचं टाकलं, तारीख बदलली, आणि तलाव आठवून मजकूर तीनदा वाचला. तिन्ही वेळा तिच्या ओळीपर्यंत वाचला. ती ओळ त्यांना चांगली वाटली, म्हणून पुढे गेले नाहीत.

छापून आलं ते असं: 'फाटलेल्या कपड्यांना रफू: प्रात्यक्षिक. बुधवार, दुपारी चार, वाचनालयाचा हॉल. प्रवेश विनामूल्य. येताना आपला कुत्रा सोबत आणावा. पट्टा आवश्यक.'

बुधवारी आठवडे एकवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या सदरातल्या कार्यक्रमाला गेले. दारात एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच वजनाचा कुत्रा. मागे आणखी दहा कुत्री आणि त्यांची माणसं, बरीचशी जोडीने आलेली.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"कुत्री."

"ते दिसतंय मला."

"गेल्या वर्षीचं थोडं राहिलं. शेपटाकडचं."

ग्रंथपालबाई उपस्थितीचा फॉर्म हातात घेऊन बाहेर आल्या. "कुत्री आत चालणार नाहीत. मागे एकाने माझा शब्दकोश खाल्लाय, 'प'पासून पुढे."

"पण पेपरात लिहिलंय," गृहस्थ म्हणाले. "गेल्या वर्षीसारखी कुत्र्यांना लस टोचून घ्यायला आलोय आम्ही. टोचणार कोण?"

"टोचणार मीच," बायको म्हणाली, "पण सुईने कपडे टोचते मी. तुमचा खिसा बघू. कुत्र्याने ओढला ना?"

गृहस्थांनी कोटाच्या फाटक्या खिशावर हात ठेवला. "रोज ओढतो."

"आणि ताई, तुमची बाही?"

"यानेच. लाडात आला की दात लावतो मेला."

बायकोने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. कुत्री पाळणारी एवढी माणसं उभी होती, त्यांत धड कपडे एकाच्याही अंगावर नव्हते. रफू शिकायला याहून गरजू माणसं शहरात नसतील.

"आलाच आहात तर बसा आत," ती म्हणाली. "आपापला खिसा आपणच शिवायला शिकून जा. कुत्री बाहेर राहतील."

"धरणार कोण?"

"हे धरतील," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "छापलंय यांनीच."

दोन कुत्री आधी सायकलच्या स्टँडला बांधून पाहिली. ती स्टँडसकट परत आली. मग अकराही पट्टे आठवड्यांच्या मनगटांना गुंडाळले, डाव्या हाताला सहा, उजव्या हाताला पाच. माणसं आत जाऊन बसली. ग्रंथपालबाईंनी बोटाने मोजलं.

"एकोणीस."

"शिकवणारी धरून वीस," बायको म्हणाली.

"शिकवणारी धरत नाहीत. मी दोनदा मोजते, चारला आणि पाचला. मागे एका कवीकडे चारला चाळीस होते आणि पाचला कवी एकटा. म्हणून नियम केला. दोन्ही वेळा वीस हवेत."

"तुम्ही बसा ना."

"मोजणारीही धरत नाहीत."

बायकोने खिडकीतून बाहेर बघितलं. पेटीतून सुया काढून एकेक करून टेबलावर मांडायला लागली, तीस वर्षं मांडत होती तशा. ते बघून आठवडे अकरा कुत्र्यांसकट खिडकीपाशी आले. खिडकी बुटकी होती. त्यांनी हात बाहेर ठेवले आणि डोकं आत घातलं.

"विसावा," ते म्हणाले.

"तुम्ही बाहेर आहात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मी बाहेर आहे. डोकं आत आहे. फॉर्मवर काय लिहिलंय?"

बाईंनी चष्मा सारखा करून फॉर्म वाचला. वर 'उपस्थिती' आणि पुढे कंसात 'डोकी' असं लिहिलं होतं. त्यांनीच तो केला होता.

"वीस," त्यांनी नाइलाजाने लिहिलं. "पण पाचला ते तिथेच दिसलं पाहिजे."

प्रात्यक्षिक सुरू झालं. बायकोने त्या गृहस्थांचा कोट घेतला आणि फाटलेल्या जागेची दोन सुटी टोकं बोटांनी अशी जवळ आणली, जशी रुसलेली दोन मुलं शेजारी बसवावीत. कोटाच्याच आतल्या शिवणीतून तिने एक धागा उपसला. एक उभा, एक आडवा, एक सोडून एक. तिचा आवाज घरी असतो त्याहून मोठा झाला होता.

"घाई करायची नाही. कापड आपण होऊन सांगतं कुठे जायचं. नवऱ्यांसारखं नाही ते."

सगळे हसले. आठवडेही हसले, आणि मागून सहा कुत्र्यांनी त्यांना डावीकडे ओढलं. त्यांनी हनुवटी चौकटीत अडकवून धरली.

"कुठे होतं हो फाटलेलं?" गृहस्थ कोट उजेडात धरून म्हणाले. कोट हातोहात एकोणीस जणांतून फिरला. कोणालाही जागा सापडली नाही. शेवटी तो खिडकीपाशी आला. आठवड्यांना हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी नाक जवळ नेऊन पाहिलं.

"नाही सापडत," ते म्हणाले.

"तीस वर्षं घरातच होतं हे," बायको म्हणाली.

"मला कोणी कळवलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यांचे हात गुंतलेले होते. त्यांनी नुसती मान हलवली, पुष्कळ वेळ. बायको बघत होती. मग तिने दुसरी सुई उचलली आणि ताईंची बाही घेतली.

पाचला तीन मिनिटं कमी असताना खिडकीबाहेरच्या अंगणात, आठवड्यांच्या मागे, एक मांजर आलं.

पाच वाजता ग्रंथपालबाईंनी डोकी मोजली. एकोणीस भरली.