नळाजवळची जागा

"ऑलिव्ह, हे काय गं?"

एनिडनं कुंपणावरून हात पुढे केला. तिच्या मातकट तळव्यावर बोटाएवढं काळपट काहीतरी होतं. मी चष्मा पुसून पाहिलं. कुजलेलं गाजर होतं, आणि त्याच्या अंगभर बारीक बोगदे पडलेले.

"गेल्या सालचं गाजर. माशी लागलेलं. कुठं सापडलं?"

"इथंच, नळाजवळ. फावडं घालीन तिथं निघतायत."

"मग यंदा इथं गाजर लावू नकोस, बाई. त्यातल्या अळ्यांनी जमिनीतच कोष केलेत. आता ऊन वाढलं की माश्या वर येणार."

"बर्ट म्हणतो, इथं कांदे होते."

"मग हे कांदे म्हणायचे का?"

एनिड हसली नाही. तिनं ते गाजर रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवलं.

आमच्या खाणवाल्यांच्या गावात घरामागं कोळसा ठेवण्यापुरतं अंगण. भाजी करायची ती रेल्वेच्या रुळांपलीकडं, भाड्याच्या पट्ट्यांत. एनिड रेनचा पट्टा माझ्या शेजारी. म्हणजे तिच्या नवऱ्याचा, बर्टचा. सप्टेंबरात क्लबाच्या हॉलमध्ये भाजीचं प्रदर्शन भरतं. त्यात सारखी दिसणारी तीन लांब गाजरं काळ्या कापडावर मांडायची असतात. त्याचा कप बर्टनं इतक्यांदा जिंकला होता, की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठीच गाजरं लावत. एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पट्ट्यावर तिचं काम म्हणजे डब्यातून चहा नेणं.

मग बर्टच्या फुप्फुसांनी दगा दिला. खाणीतली धूळ, दुसरं काय! आदल्या वर्षी तो कसाबसा पट्ट्यापर्यंत यायचा, वाकता येत नसे, आणि कुणाला वाफ्याजवळ फिरकू देत नसे. प्रदर्शनात त्याची गाजरं आलीच नाहीत. सगळी बहिणीला संडरलँडला पाठवली, असं म्हणाला. यंदा त्याला घराबाहेरही पडवेना, म्हणून फावडं एनिडच्या हाती आलं, आणि ती गाजरं जमिनीतच सडली होती, हे आम्हाला आत्ता कळत होतं.

संध्याकाळी मी चहाला गेले, तर एनिडनं तो रुमाल त्याच्यापुढं उघडला. खिडकीजवळच्या खुर्चीत नाकात नळी घालून बसलेला बर्ट त्याकडं पाहतच राहिला.

"कसलं तरी रानमूळ आहे," तो म्हणाला.

"ऑलिव्ह म्हणते, गाजर आहे."

"ऑलिव्हला तिच्या वाफ्यातली गोगलगाय तरी ओळखू येते का? जन्मभर गाजरं काढली मी. शाळेत बटाटे उकडणारी बाई मला जमीन शिकवणार? नळाजवळची माती सगळ्यात भुसभुशीत. तिथंच लावायची. वरून जाळी घाल, म्हणजे माशी येत नाही."

"पण बर्ट, माशी आतच असली तर?"

त्याला खोकला आला. खोकला आला की त्यानं वाद जिंकलेला असायचा. शेवटी पाण्याचा पेला ठेवत तो हळूच म्हणाला, "शेवटची आहेत गं ही माझी. एकदा प्रदर्शनाच्या टेबलावर जाऊ देत."

एवढं ऐकल्यावर कोणती बायको जागेवरून भांडेल? मी भांडले असते. पण माझं लग्न त्यामुळंच टिकलं नाही.

एनिडनं पहारीनं खोल भोकं पाडली, त्यांत वाळू नि चाळलेली माती भरली आणि बी टाकलं. वर बारीक जाळी ताणली, कडा मातीत गाडून वर विटा ठेवल्या. विरळणी करायची ती संध्याकाळी, कारण पानं चुरगळली की वास सुटतो आणि त्या वासावर माशी लांबून येते. उपटलेली रोपं झाकणाच्या बादलीतून घरी न्यायची. पुन्हा जाळी लावायची, पुन्हा विटा. शाळेत दिवसभर उभी राहिलेली बाई ती, गुडघे टेकून हे सगळं करायची. त्या जाळीत वाराही विचारून शिरत असेल. जाळी कधी उघडी राहिली असं मी एकदाही पाहिलं नाही, आणि माझं लक्ष दुसरीकडं कुठं असणार?

ऑगस्टमध्ये पाला लालसर झाला. एनिडनं एक गाजर उपटलं. मग दुसरं. मग ती ओळीनं उपटतच गेली. सगळ्यांवर गंजल्यासारखे तपकिरी बोगदे. जाळीच्या आतल्या बाजूला माश्या बसलेल्या होत्या, छान सुरक्षित.

त्या रविवारी क्लबाचा सेक्रेटरी लेस्ली प्राउड दोघांना घेऊन बर्टला भेटायला आला होता; मीही तिथंच होते. "गाजरं दाखव की यांना," बर्ट म्हणाला. एनिड चहा ओतत राहिली, तेव्हा त्यानं आवाज चढवला. तिनं धुऊन ठेवलेलं त्यातल्या त्यात बरं गाजर आणून दिलं. त्यानं ते बोटांत फिरवलं. जाणत्या माणसाला काय झालंय ते कळायला किती वेळ लागतो?

"जाळी उघडी ठेवलीस," तो म्हणाला.

एनिडनं त्याच्याकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहीना. बंद टीव्हीकडं पाहत बसला. त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही नाकात नळी घालून!

"असेल," एनिड म्हणाली आणि केक कापायला आत गेली.

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात शिरले. "मी सांगते जाऊन सगळ्यांना. आत्ता सांगते!"

"नाही सांगायचं." तिनं सुरी केकमध्ये घातली. "गावात त्याचं एवढंच नाव आहे, ऑलिव्ह. राहू दे."

"आणि तुझं?"

"माझं कुठं होतं?"

नोव्हेंबरात बर्ट गेला. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण मी तो जिवंत असतानाच बोलून घेतलं होतं. दफनानंतरच्या चहाला जो तो एनिडचा हात हातात घेऊन म्हणायचा, "गाजरांचं फार लागलं हो त्याला. जाळी उघडी राहिली ना तुमच्याकडून?" ती मान हलवून सँडविच पुढं करायची. सगळे गेल्यावर कपबशा विसळता विसळता ती म्हणाली, "मी वाट पाहत होते गं. चारचौघांत नको, आम्ही दोघंच असताना म्हणेल. 'एनिड, जागा माझी चुकली.' बस एवढंच. शेवटच्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता म्हणेल."

"मग?"

"म्हणाला, विटा आत आणून ठेव. चोरीला जातील."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

क्लबानं गाजरांच्या कपाला बर्टचं नाव दिलं. तो द्यायचा एनिडनं, दर सप्टेंबरात. आणि दर वेळी लेस्ली प्राउड माइकवर तोच विनोद करतो, "आता येताहेत श्रीमती रेन. जाळी लावून आलात ना?" हॉल हसतो. गावाला दुसरा विनोद सुचेपर्यंत आम्ही म्हातारे होऊन मरू.

यंदा प्रदर्शनाच्या सकाळी मी तिला न्यायला गेले. मागच्या अंगणात कोळशाच्या कोठीवर तिनं एक जुनं पिंप चढवलंय, वाळू नि नव्या मातीनं भरलेलं. माशी जमिनीलगत उडते, तेवढ्या उंचावर येत नाही. पट्टा तिनं कधीच सोडून दिला. स्वयंपाकघरात टेबलावर तीन गाजरं धुऊन ठेवली होती. हातभर लांब, शेवटपर्यंत सरळ, अंगावर एक डाग नाही. तिन्ही इतकी सारखी, की कुठलं कुठलं ते सांगता येऊ नये.

"एनिड," मी म्हटलं, "ही तीन त्या हॉलमधल्या सगळ्यांना पुरून उरतील. कापड कुठंय? चल, अजून टेबलं लागतायत. लेस्लीच्या नाकावर टिच्चून मांडू."

तिनं एक गाजर उचललं, बर्टसारखंच बोटांत फिरवलं. क्षणभर मला वाटलं, निघाली.

मग तिनं फळी ओढली, शेंडे उडवले आणि तिन्हींच्या जाड जाड चकत्या करून पातेल्यात टाकल्या.

"आल्यावर उकडायला ठेवीन," ती म्हणाली आणि कप द्यायला जाण्यासाठी कोट घालू लागली.