सायकलवरचा दुखवटा

त्या मोसमात मला एकच गोष्ट हवी होती. तीनपैकी एक तरी स्पर्धा वेळेत पूर्ण करायची. पदक, फोटो, पहिला नंबर हे तर माझ्या वाटेला कधी नव्हतंच. या डोंगरी सायकल स्पर्धांना एक 'कटऑफ' असतो. त्या वेळेच्या आत शेवटची रेषा ओलांडली तर ठीक, नाहीतर निकालाच्या कागदावर नावापुढे 'अपूर्ण' लिहिलं जातं. आदल्या वर्षी मी तिन्ही पूर्ण केल्या होत्या. या वर्षीही पाय साथ देत होते. साथ देत नव्हते ते लोक.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. ते वायरमन होते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ते चढले नाहीत असा विजेचा खांब सापडणं कठीण. निवृत्त झाल्यावरही लाइट गेली की लोक आधी कमळाकर वायरमनला फोन करायचे आणि मग ऑफिसला. ते गेले तेव्हा उल्हास नदीला पूर होता, रस्ते बंद होते. जलदानविधीलाही जवळचीच माणसं येऊ शकली. त्यानंतर मी कर्जतच्या घराला कुलूप लावून शिळफाट्याच्या माझ्या फ्लॅटवर परत आले, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर रुजू झाले आणि दर रविवारी सायकल काढू लागले. चढावर धाप लागली की डोक्यात दुसरं काही शिरत नाही. स्पर्धेत तर आपण नुसता एक नंबर असतो. कोणाची मुलगी, कोण कुठली, हे तीन-चार तास कोणी विचारत नाही.

असा माझा समज होता.

आमच्याकडे दुखवट्याची भेट टळत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भेटायचं, दोन शब्द बोलायचे, रडू आलं तर रडायचं. ती भेट झाल्याशिवाय त्याच्याशी हसून बोलता येत नाही, त्याला लग्नाची पत्रिका देता येत नाही, बाजारात समोर आला तर भाजीकडे बघत उभं राहावं लागतं. बाबांच्या बाबतीत दोन तालुक्यांची भेट राहिली होती, आणि घराला कुलूप होतं.

पहिली स्पर्धा नोव्हेंबरमध्ये, नेरळच्या बाजूला. भात कापून झाला होता, खळ्यांवर झोडणी चालली होती. पोशीरच्या अलीकडे मी चक्क मधल्या घोळक्यात होते. तेवढ्यात एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली, एसटी थांबवतात तशी. मी ब्रेक दाबला.

"वायरमनची ना गं तू?"

"हो."

"मंग! ते नाक काय लपतंय का!"

ही गौराबाई. तिने माझी जर्सी दोन्ही मुठींत धरली आणि हेल काढला, "आरं माझ्या वायरमना, आता आमच्या दारात उजेड कोन रं आनंल!" मग हेल जरा थांबवून ती घराकडे वळली. "रूपाली, च्या ठेव गं. आलं घाल." आणि परत, "आरं वायरमना!"

"मावशी, माझी स्पर्धा चालू आहे."

"मंग चालू दे ना. आमी कुठं आडवतोय?" एक हात माझ्या हँडलवर घट्ट.

मागून येणारे स्पर्धक घंटी वाजवत बाजूने निघून जात होते. चहा झाला. बाबांनी गणपतीच्या दिवसांत भर पावसात तार जोडली होती ते झालं. मग गौराबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाप गेला तुझा, लय वाईट झालं. पन त्या वरच्या आळीचा लाइटचा डीपी आजून तसाच बिघडल्याला हाय बघ. तू सांग कुनाला तरी." मी सांगते म्हटलं. कोणाला ते मलाही माहीत नव्हतं. निघताना तिने आतून नातवाच्या लग्नाची पत्रिका आणली. "आता भेट झाली. आता द्याया हरकत नाय."

पत्रिका पाठीच्या खिशात घालून मी शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा केतन कमान उतरवत होता. केतन म्हणजे स्पर्धा भरवणारा, कर्जतचाच. त्याने कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'अपूर्ण'.

डिसेंबरमधली दुसरी स्पर्धा तिरंगी होती. आधी धावायचं, मग सायकल, मग धरणाच्या पाण्यात वल्हवायची छोटी होडी. एव्हाना गावागावांत बातमी गेली होती की वायरमनची पोरगी घरी सापडत नाय, पण रविवारी सायकलवर हमखास सापडते. कुंभिवलीला हायवेलगत साईनाथचं टायरचं दुकान आहे. दुकानासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, त्यांवर त्याचे काका, मामा, सासरे. मधली खुर्ची रिकामी.

"बसा ताई, दोनच मिनटं."

"साईनाथदादा, खरंच उशीर होतोय मला."

"आवो, टायर बसला म्हनून सांगा त्यांना. वाटलं तर मी खराच बसवून देतो." त्याने हवा सोडायला वाकूनही बघितलं.

मी बसले. सासऱ्यांनी बाबांविषयी काही सांगितलं, पण समोरून कंटेनर जात होते, त्यामुळे एक शब्दही ऐकू आला नाही. मी मान हलवत राहिले. ते रडले तेवढं दिसलं.

होडीत बसले तेव्हा वाटलं, पाण्यात तरी आता कोणी भेटायचं नाही. अर्ध्यात गेले असेन. एक मासेमारीची होडी हळूच शेजारी आली आणि तिच्यातल्या माणसाने माझ्या होडीची कड धरली.

"वायरमनची ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायलाही दम लागतो आणि माझे दंड भरून आले होते. तो गजा. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली मान घालून बसला. काही बोलेना. बोलला असता तर आटपलं तरी असतं. वारा उलटा होता. आम्ही दोघं, दोन होड्या, एकही शब्द न बोलता जिथून मी निघाले होते त्याच काठाकडे हळूहळू परत जात होतो.

"ताई, राग मानू नका," संध्याकाळी केतन म्हणाला, "पण तुम्ही स्पर्धेला येता की दुखवट्याला?"

मी आत्याकडे गेले. ठकू आत्या बाबांची मोठी बहीण, कर्जतला राहते. तिचा उपाय तयार होता. "एक रविवार घर उघड. मी सतरंजी टाकते. एका दिवसात सगळी येऊन जातील."

"मला नाही जमणार, आत्या."

"रडू येईल म्हनून?"

"वेळ नाही म्हणून."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग ताटलीतले मटार सोलत म्हणाली, "बरं. वेळ नाय तर नाय."

तिसरी आणि शेवटची स्पर्धा फेब्रुवारीत, कर्जतहून डोंगराच्या पायथ्याने खालापूरपर्यंत. या वेळी मी तयारीने गेले. गळपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून नाक पूर्ण झाकलं. काळा गॉगल लावला. केतनला सांगितलं, माइकवर माझं नाव घेऊ नकोस, नुसता नंबर घे. सुरुवातीच्या रेषेजवळ आत्या आली होती. तिनेही मला ओळखलं नाही. दोघी-तिघींना हलवून शेवटी माझ्यापर्यंत पोचली.

"काळजी करू नको. मी सगळीकडं फोन केलेत. कुनी आडवनार नाय. उभ्या उभ्याच भेटतील."

"उभ्या उभ्या म्हणजे?"

तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिल्याच गावात कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. बायकांचे पदर डोक्यावर, पुरुषांच्या टोप्या हातात. आत्याला दिलेला शब्द त्यांनी पाळला, कोणी रस्त्यात आलं नाही. फक्त वायरमनची पोरगी नेमकी कोणती, हे कोणाला कळत नव्हतं. सगळ्यांना हेल्मेट, सगळ्यांना गॉगल. आणि कोणाची भेट चुकायला नको म्हणून ते प्रत्येकालाच भेटत होते.

"फार वाईट झालं," माझ्या पुढच्या पुणेकराला एका म्हाताऱ्याने हात जोडून सांगितलं.

"काय झालं?"

"गेला बिचारा."

पुणेकर दचकला. "पुढच्या उतारावर?"

"आता कुठं का असंना. माणूस गेला."

पाच मिनिटांत ही बातमी स्पर्धकांमध्ये पसरली, की पुढच्या उतारावर कोणीतरी गेलंय. धाडधाड उतरणारे पट्टीचे सायकलवाले ब्रेक दाबून, एक पाय जमिनीवर टेकवत खाली जाऊ लागले. मला खरं माहीत होतं. मी कोणालाही काही न सांगता सगळ्यांच्या बाजूने सुसाट खाली गेले. पुढच्या गावात एका दाढीवाल्या धिप्पाड गड्याला बायकांनी घेरलं होतं आणि एक आजी त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणत होती, "अगदी बापावर गेलाय." त्याच्या हातात चहाचा कप होता. नको कसं म्हणावं हे त्याला कळत नव्हतं. त्याची अडचण मला चांगलीच कळत होती.

एवढी पुढे मी आयुष्यात कधी गेले नव्हते. शेवटची वाडी आली तेव्हा घड्याळात अर्धा तास शिल्लक होता आणि खालापूर हाकेच्या अंतरावर. वाडीतली वाट अरुंद, म्हणून वेग कमी केला. एका अंगणात बाजेवर एक स्पर्धक बाई बसली होती. माझ्याच वयाची. तिची सायकल खांबाला टेकवलेली. समोर एक म्हातारा उकिडवा बसून बोलत होता.

"खांबाच्या टोकावरनं वरडायचा, आली का गंऽ? आनि आमी सारी खालनं, आलीऽ! मंग हसायचा. पोरी, तुझा बाप लाइट आली का एवढा हसायचा, जसं काय त्याच्याच घरी आली."

"हो का," ती बाई म्हणाली, आणि तिने मनगटाने डोळे पुसले.

मी पुढे गेले. वळणापर्यंत गेले. तिथून हमरस्ता दिसत होता आणि त्यावर केतनची पिवळी कमान. पेडल न मारताही पोचले असते.

तिथे थांबले आणि मला राग आला. म्हाताऱ्याचा नाही, त्या बाईचा. तिने काय म्हणून रडावं? बाबा हसायचे हे मला ठाऊक होतं, पण खांबाखाली उभं राहून कोणी बघितलेलं ते तिला सांगावं आणि मी घंटी वाजवत निघून जावं? सहा महिने जे मी दारात येऊ दिलं नव्हतं ते ही कुठलीतरी बाई चहाबरोबर घेऊन जाणार होती.

सायकल वळवली. अंगणात येऊन गळपट्टा खाली ओढला.

"काका, वायरमनची मुलगी मी आहे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे तोंड केलं. डोळ्यांत मोतीबिंदू होता. "मंग ही कोन?"

ती बाई चटकन उठली. "मी मेघा. ठाण्याची. मी सांगणार होते हो, खरंच. पण ते रडायला लागले. मग मधेच कसं सांगायचं? आणि मग मलाही..."

"तुमचे वडील?"

"आहेत. ठणठणीत आहेत." ती ओशाळली. "सकाळीच फोन केला होता त्यांनी. टायरमधली हवा बघितलीस का म्हणून."

म्हातारा, शुक्रा त्याचं नाव, वैतागला होता. "सगळं सांगून झालं माजं. आता तू म्हनतेस मी. मागनं तिसरी येईल. कशावरनं तू?"

नाक दाखवून उपयोग नव्हता. मी हेल्मेट काढून हातात घेतलं आणि सांगू लागले. बाबा झोपेतही विचारायचे, आली का? आई होती तोवर आई झोपेतच म्हणायची, आली, झोपा. दवाखान्यात शेवटच्या दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. दोन दिवस ते बोलले नव्हते. डोळे मिटलेलेच. पण त्यांनी विचारलं, आली का?

"मंग?" शुक्रा म्हणाला.

"मी म्हटलं, आली."

"मंग?"

"म्हणाले, बरं. मग उतरतो आता."

हे मी आत्यालाही सांगितलं नव्हतं. पुढचं काही नव्हतंच. मेघाने माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि बाजेवर ठेवलं. मी तिच्या शेजारी बसले. किती वेळ रडले ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ बघितलं नाही.

मग मागे राहिलेल्यांना गोळा करणारा टेंपो आला. प्रवीण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "ताई, चला. कटऑफ होऊन गेला."

"गाडी बंद कर," शुक्रा त्याला म्हणाला, "आनि आत येऊन बस." मागच्या फळीवर पुणेकर आणि तो दाढीवाला आपापल्या सायकली धरून बसले होते. तेही उतरले. चहा वाढवायला सांगितला गेला.

मेघा माझ्याकडे वळली. "तुम्ही बसा. मी निघते. उगीच तुमच्या..."

"बसा हो," मी म्हटलं. "तुमचंही अर्धंच ऐकून झालंय."

शुक्रा अंदाजाने माझ्या बाजूला सरकला. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर पडला, धुळीने भरलेल्या.

"पयल्यापासनं सांगाय लागंल मला."

"सांगा."

"लांबन हाय."

"असू दे."

त्याने खाकरून घसा साफ केला. "तो पयल्यांदा आला ना हितं, तवा वाडीत खांबच नव्हता..."