पंपावरचा बाण

भूकंपाने आमच्या शहराचे दोन पूल पाडले, टेलिफोनचे निम्मे मनोरे आडवे केले आणि आमच्या खात्याच्या जलवाहिन्या एकशे चौदा ठिकाणी फोडल्या. चांगलं झालं ते फक्त माझ्या धाकट्या जावेचं. हे मी तेव्हा मनात म्हणत होते, आणि कितीही वाईट वाटलं तरी म्हणत होते हे खरं आहे.

ती वीज खात्यात लाइनवर आहे. मी पाणीपुरवठ्यात, टेकडीखालच्या पंपघरात ऑपरेटर. बावीस वर्षं झाली. आता वीज तारांवरून जाते. तार तुटली तर लोंबताना दिसते, आणि कमरेला पट्टा बांधून खांबावर चढलेली बाई तर अख्ख्या गल्लीला दिसते. पाणी बापडं जमिनीखालून जातं. नळ कुठे फुटलाय ते शोधायला आधी रस्ता खणावा लागतो, आणि खणणाऱ्याला लोक येता-जाता शिव्या घालतात. एकाच घरात दोन सुना, पण एकीचं काम सगळ्यांच्या डोक्यावर आणि दुसरीचं पायाखाली.

घराची मागची भिंत कोसळल्यामुळे आम्ही शाळेच्या मैदानात तंबूत राहत होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी मैदानात दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी आमच्या तंबूकडे बोट दाखवलं. झालं. तेव्हापासून जो तो मोबाइल चार्ज करून झाला की धाकटीला दुवा देत जायचा. माझा नवरा, म्हणजे पाणीवालीचा नवरा, दोन बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभा असायचा आणि तिथेही भावजयीचं कौतुक तोंडभरून सांगायचा. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी सासूबाईंना विचारलं, मोठी सून काय करते. सासूबाई म्हणाल्या, ती पाण्यात आहे, पण सध्या पाणीच कुठे आहे. सगळ्या हसल्या. मीही हसले. अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

पण मी म्हातारीवर रागवावं अशी तिची अवस्था नव्हती. सासूबाईंच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिस लागायचं, आणि भूकंपामुळे एक फेरी चुकली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते, आडवं पडलं की दम लागायचा. टेकडीवरच्या हॉस्पिटलात त्यांना नेऊन ठेवलं. तिथे वीज आली होती (कुणामुळे ते सांगायला नको), मशीन तयार होतं, नर्स तयार होती. पण मशीनला एका माणसाच्या एका फेरीसाठी पिंपभर स्वच्छ पाणी लागतं, आणि टँकरच्या गढूळ पाण्याने त्यांचे फिल्टर तुंबले होते. सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या सकाळपर्यंत टाकीत पाणी चढलं तर ठीक, त्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही.

ती टाकी भरायची ती माझ्या पंपाने. माझ्याकडे पंप दोन. एकाचा पाया भूकंपात तडकला होता. दुसरा धडधाकट होता, पण त्याला वीज नव्हती.

त्याच दिवशी दुपारी वीज द्यायला धाकटीच आली. बरोबर तिची माणसं, केबलचं भेंडोळं, आणि मागून एक वर्तमानपत्रवाला फोटोग्राफर. दोन तास तिने मान वर केली नाही. सलग तीन दिवस झोप नसलेल्या माणसाचे डोळे असतात तसे तिचे डोळे झाले होते, ते मला दिसत होतं. काम झालं तशी फोटोग्राफरने तिला पंपावर हात ठेवून उभं केलं. मी शेजारीच होते. तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

माझं पंपघर. माझा पंप. बावीस वर्षं मी त्याला तेलपाणी केलं. मी बाजूला झाले.

आमच्याकडे एक रीत आहे. नवी लाइन जोडली की मोटर नुसती अर्धा सेकंद चालू करून लगेच बंद करायची आणि दांडा कुठल्या बाजूला फिरतो ते बघायचं. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पंपावर बाण रंगवलेला असतो. दांडा बाणाप्रमाणे फिरला की ऑपरेटर म्हणतो, दिशा बरोबर. ते ऐकल्याशिवाय लाइनवाला जागा सोडत नाही.

मी फडक्याने बाणावरची धूळ पुसली आणि बटण दाबून सोडलं. दांडा फिरला. उलटा.

धाकटीची चूक झाली होती. सहा दिवसांत पहिल्यांदा. मला काय वाटलं ते लपवत नाही, बरं वाटलं. ती पान्यांची पिशवी आवरत होती, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणाले, "दिशा बरोबर. जा तू."

मनातला हिशेब साधा होता. चारला आमचे साहेब फेरीला येणार होते. त्यांच्यासमोर मी चूक पकडणार, दहा मिनिटांत दोन तारा बदलणार, आणि मग कळेल सगळ्यांना की नुसतं खांबावर चढलं म्हणजे पाणी येत नाही. टाकी भरायला चार तास पुरतात. सासूबाईंना सकाळपर्यंत वेळ होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ती गेल्यावर मी पंप तसाच सुरू केला. उलटा फिरणारा पंप बंद पडत नाही, हीच त्याची खोड. तो पाणी देतो, पण निम्मंशिम्मं, आणि वर चढवायची ताकद त्यात नसते. टेकडीवर थेंब गेला नाही. पण खालच्या वस्तीतल्या नळांना करंगळीएवढी धार आली. अर्ध्या तासात लोक घागरी, डबे, प्लास्टिकचे टब घेऊन निघाले, आणि एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम पंपघरापर्यंत येऊन मला म्हणाले, वीजवाल्या ताईंनी आज पाणीसुद्धा आणलं, त्यांना आमचा नमस्कार सांगा.

तेव्हाच तारा बदलायला हव्या होत्या. मी खुर्चीवर बसून राहिले. चार वाजले, साहेब आले नाहीत. पूल बंद असल्यामुळे वळसा घालून येत होते. दर दहा मिनिटांनी मी स्वतःला सांगत होते, अजून दहा मिनिटं. म्हाताऱ्याचा नमस्कार डोक्यातून जात नव्हता, आणि साहेबांशिवाय चूक दुरुस्त केली तर ती कुणाला कळणारच नव्हती.

पावणेपाचला पंप खडखडला. आतला पंखा एका नटाने आवळलेला असतो, तो उलट्या फिरण्याने सैल होतो. हे मला माहीत होतं. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं, एवढंच. मी धावत जाऊन बंद करेपर्यंत पंखा निखळून पंपाच्या पोटात आपटला होता.

साहेब साडेपाचला आले. फिटर बोलावले, पंप उघडला, आणि साहेबांनी एका नजरेत ओळखलं. लाइनवाल्यांनी फेज उलटी जोडली, म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, फिरवून बघितलं नव्हतं का. मी म्हणाले, धुळीत बाण नीट दिसला नाही.

तडकलेल्या पंपाचा पंखा काढून या पंपाला बसवायचं ठरलं. मी फिटरांच्या बरोबरीने हात घातला. हाताची सालं निघाली, नखं काळी पडली, पण उठले नाही. सगळे म्हणत होते, ताईंना सासूची किती काळजी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पंप सुरू झाला, बाणाप्रमाणे. टाकीत पुरेसं पाणी चढून सासूबाईंना मशीनला लावेपर्यंत दुपारचे दोन वाजले. त्याआधी तीन तास त्या ऑक्सिजनवर होत्या आणि कुणालाच ओळखत नव्हत्या. माझ्या नवऱ्याने गावोगावच्या नातेवाइकांना फोन करायला घेतले होते.

त्या वाचल्या. दोन दिवसांनी उठून बसल्या, आणि पहिलं काम म्हणजे धाकटीला फैलावर घेतलं. घाईची कामं, फोटोची हौस, माझा जीव गेला असता. धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, चूक माझीच झाली. मग पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले.

व्हरांड्यात नळाला चांगली धार होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"ताई," ती म्हणाली, "बाण तुम्ही पुसला होता. मी बघत होते."

मी तिच्या हातातली बाटली घ्यायला गेले, तिने दिली नाही.

"साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, ऑपरेटरने दिशा सांगेपर्यंत मीच थांबले नाही." तिने नळ बंद केला. "मला खरंच वाटलं होतं की दिशा बरोबर आहे. तुम्ही म्हणालात ना."

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. मी भांडले असते, मला भांडता येतं. पण तिने मला वाचवलं होतं, स्वतःच्या नोकरीवर डाग घेऊन. त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवाच वाटला, की हेही हिलाच जमलं.

मी तशीच आत गेले. सासूबाईंच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. दांडा उलटा फिरला तो मी बघितला, म्हटलं. बघून बरोबर म्हणाले. तिचं नाव खाली यावं म्हणून. तुमचा जीव माझ्यामुळे जात होता, तिच्यामुळे नाही. माझा नवरा दारात उभा राहून ऐकत होता, शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती.

सासूबाईंनी माझा सोललेला हात हातात घेतला. बराच वेळ त्यावरून बोटं फिरवली.

"उगाच तिला पाठीशी घालू नकोस," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यापासूनच मोठ्या मनाची. माझंच तुझ्याकडे लक्ष नव्हतं."

नवऱ्याने डोळे पुसले. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. त्या मान हलवत हसत राहिल्या. धाकटी भरलेली बाटली घेऊन दारात आली होती, तिला आत यायला माझ्या नवऱ्याने वाट दिली नाही.