शांत खोलीत साहेब

समितीवर मला घेतलं ते माझ्या वेडामुळे. एरवी वेडामुळे नोकरी जाते, इथे खुर्ची मिळाली. अध्यक्षसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही भोगलंय. नवीन मदतकेंद्र कसं असावं, ते तुम्हीच सांगायचं."

मला सांगायची होती एकच गोष्ट. गाडी. मला न्यायला आली तेव्हा ती भोंगा वाजवत आली, गणवेशवाले धाडधाड उतरले आणि अख्खी गल्ली गॅलरीत. पेशंट बरा होतो हो, गल्ली बरी होत नाही. आता धाकट्या भावाचीही तशीच चिन्हं दिसत होती. आज ना उद्या त्याच्यासाठीही गाडी येणार. भोंगा ऐकला की हा पठ्ठ्या पळत सुटणार, थेट हायवेवर. म्हणून गाडी गुपचूप यावी, साध्या कपड्यातली दोन माणसं यावीत. बस्स.

पण समितीला आधी माझी काळजी घ्यायची होती! बोलताना मला त्रास होऊ नये म्हणून नियम केला: ज्याचा आवाज चढेल त्याला शांत खोलीत न्यायचं. "नियम सगळ्यांना सारखा," साहेब छाती फुगवून म्हणाले. न्यायला एक बाई नेमली. ही काळजीवाली माझ्या तोंडाकडे अशी बघायची, जसं काही दूध उतू जाणारे.

मी म्हटलं, "भोंगा नको."

समितीतले डॉक्टर हसले. "भोंग्याशिवाय गाडी म्हणजे टॅक्सी हो!"

"मग टॅक्सी पाठवा ना!"

झालं. काळजीवाली उठली. "चला ताई, जरा पडा."

शांत खोलीत मऊ कोच, प्लॅस्टिकचं झाड आणि झुळझुळ पाण्याचा आवाज काढणारं यंत्र. त्या आवाजाने माणूस शांत होत नाही, बाथरूमला पळतो. परत आले तर भोंगा मंजूर. वर एक राखीव भोंगा, पहिला बिघडला तर.

पुढे गणवेश मंजूर झाला, मी कोचावर. गाडीवर ठळक अक्षरात 'मानसिक' लिहायचं ठरलं, तेव्हाही कोचावरच. आणि प्रत्येक ठरावाखाली 'अनुभवी सदस्यांच्या सहभागाने'! डोक्यात तिडीक गेली. पण तिडीक दिसली की कोच. मग घरी आरशासमोर गोड बोलायची तालीम केली.

शेवटच्या बैठकीत सगळ्यावर शिक्का बसणार होता. मी मधाळ आवाजात विचारलं, "साहेब, झोप लागते ना? गोळ्या वेळेवर घेता?"

"कसल्या गोळ्या?"

"असू दे, असू दे. सुरुवातीला सगळेच असं म्हणतात."

"अहो बाई, मला काहीही झालेलं नाही!"

"नाहीच झालं. डॉक्टर, यांना काही झालेलं नाही बरं का. घरचं कोणी आलंय सोबत?"

मला भरती करताना दवाखान्यातले अगदी हेच बोलले होते, याच सुरात. साहेबांनी टेबलावर हात आपटला. कप उडाला, गरम चहा डॉक्टरांच्या मांडीवर. डॉक्टर असे किंचाळले की भोंगा बरा! काळजीवालीला तर इतके दिवस असं भरभरून काम मिळालंच नव्हतं. एका हाताला साहेब, दुसऱ्या हाताला डॉक्टर, "दीर्घ श्वास घ्या" म्हणत निघाली.

चौघांच्या समितीत उरलो मी आणि टाइपिस्ट काकू. काकू कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी. त्यांना मत होतं, आजवर कुणी मागितलं नव्हतं एवढंच.

"काकू, भोंगा?"

"नको गं बाई. माझ्या जावेला नेलं तेव्हा ऐकलाय."

"गणवेश? ते नाव?"

"काढ सगळं."

एकमताने मंजूर. तेवढ्यात साहेब सुटून आले, मागोमाग डॉक्टर आणि काळजीवाली. "हे चालणार नाही! आम्ही खोलीत नव्हतो!"

"मीही नव्हते, साहेब. भोंगा ठरला तेव्हा नव्हते, गणवेश ठरला तेव्हा नव्हते. रद्द करायचं तर सगळंच करा. मग मी बाहेर सांगते, कसं कसं ठरलं ते."

साहेब डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर ओली पँट झटकत पुटपुटले, "राहू द्या हो."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी भोंग्याच्या ठरावाचा कागद चुरगाळत बसले होते. साध्या कपड्यातल्या दोन माणसांसाठी एवढी सर्कस! काळजीवाली हळूच जवळ आली. "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे मी! मला राग आलाय. राग!" मी खुर्ची घट्ट धरली आणि ओरडूनच सांगितलं, "काकू, घ्या टाइप करायला. गाडी साधी. माणसं दोन. भोंगा नाही."

कुणी मला उठवलं नाही. काकूंनी मशीन जवळ ओढलं.