दोन जोड्या, चार कान

छापखान्यातल्या यंत्रांशेजारी उभं राहण्यात फोरमनची उभी हयात गेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी शेजारीपाजारी त्यांना फोरमनच म्हणत. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण इतके हळूहळू, की त्यांचा त्यांनाच पत्ता लागला नाही. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. शेवटी एकदा मुलीने फोन करून सांगितलं, "बाबा, मला बढती मिळाली," आणि हे म्हणाले, "अरेरे, वाफ घे." दुसऱ्याच दिवशी ती आली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

दोन्ही कानांत यंत्रं बसली. फोरमन खूश! घरी येईपर्यंत वाटेत तीनदा थांबून त्यांनी स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकला. आल्या आल्या दिवाणखान्यात बसून त्यांनी आपली आवडती बासरी लावली, आणि पहिल्याच सुराला दचकून उठले. कुणीतरी कानाशी पातेलं खरवडतंय, असं त्यांना वाटलं.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "स्पीकर बिघडले!"

बायको स्वयंपाकघरात शिलाई मशीनवर बसली होती. शेजारणींचे कपडे शिवून देणं हा तिचा जुना उद्योग. "कशाला ओरडता? आता ऐकू येतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि काही बिघडलेले नाहीत. काल होते तसेच आहेत."

"काल छान वाजत होते."

मशीन पुन्हा सुरू झालं.

ही बातमी जावयाच्या कानावर गेली आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. स्पीकर हा त्याचा नाजूक विषय. स्वतःच्या घरी त्याने सोफा भिंतीपासून किती लांब हवा यावरून बायकोशी अबोला धरला होता. "बाबा, ते जुने डबे काढाच आता," तो म्हणाला आणि रविवारी सासऱ्यांना दुकानात घेऊन गेला.

दुकानात मागच्या बाजूला ऐकण्यासाठी वेगळी खोली होती. जाड गालिचा, जाड पडदे, मधोमध एकच खुर्ची. दुकान चालवणारी बाई शांत स्वभावाची होती. तिने फोरमनना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला कसा आवाज आवडतो?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? कुणाला भरदार लागतो, कुणाला मऊ, कुणाला अगदी स्वच्छ, मोकळा."

फोरमन विचारात पडले. गाणी ते जन्मभर ऐकत आले होते, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. भरदार, मऊ, स्वच्छ, तिन्ही शब्द बरेच वाटत होते. "शाई कशी कागदावर बसते," ते चाचरत म्हणाले, "फार नाही, कमी नाही... तसा."

जावयाने बाईकडे पाहिलं. बाईने जावयाकडे पाहिलं. मग तिने स्पीकरची पहिली जोडी लावली.

बासरी पुन्हा टोचू लागली. फोरमननी तोंड वाकडं केलं, डावा कान खाजत होता म्हणून त्यातलं यंत्र काढलं, मग उजव्यातलंही काढलं, आणि चकितच झाले. तीच जोडी आता गोड वाजत होती! घाईघाईने त्यांनी यंत्रं पुन्हा बसवली. टोचणं पुन्हा सुरू.

दुसरी जोडी बरोबर उलटी निघाली. यंत्रं लावून ऐकलं तर लोण्यासारखी, काढून ऐकलं तर बासरीवाला गादीखाली बसून वाजवतोय असं वाटावं.

"यातला खरा आवाज कुठला?" त्यांनी विचारलं.

"खरा असं काही नसतं, काका. तुम्हाला आवडेल तो."

"पण कुठल्या मला?" फोरमन म्हणाले. "यंत्र लावलेल्या की काढलेल्या?"

बाईने मग तोडगा काढला. "दोन्ही जोड्या चार दिवस घरी न्या. आवाज खोलीप्रमाणे बदलतो. तिथे ऐका आणि ठरवा."

घरी आल्यावर जावयाने परीक्षा मांडली. दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या, वर चादर टाकली, वायरी जोडल्या. "नुसतं ऐकायचं," तो म्हणाला. "कुठली जोडी वाजतेय ते मी सांगणार नाही. म्हणजे मनात आधीपासून काही येत नाही."

फोरमन शहाण्या मुलासारखे बसले. बासरीला त्यांनी पहिली जोडी पसंत केली. व्हायोलिनला दुसरी. पुन्हा बासरी लावली, तर या खेपेला दुसरी.

"असं कसं होईल?" जावई गोंधळला. चादरीखाली डोकं घालून त्याने वायरी तपासल्या. बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला. "मध्येच कधीतरी माझ्याकडून अदलाबदल झाली बहुतेक. किंवा नसेल झाली."

त्या संध्याकाळी त्याला कुणाकडे तरी जायचं होतं. "उद्या पुन्हा परीक्षा घेऊ," म्हणत तो गेला. जाताना निदान वायरी नीट लावून गेला.

फोरमन दोन जोड्यांसमोर एकटेच बसून राहिले. डोकं पार भणाणून गेलं होतं. शेवटी ते उठून स्वयंपाकघरात गेले. "तू सांग बाई. तुला कुठला आवाज आवडला?"

बायकोने सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. "मला कुठे कळतंय त्यातलं? मी आपली इथून ऐकते."

"इथून का? बाहेर येऊन ऐकायचं."

"पूर्वी बाहेरच बसायचे की मी. मशीनही तिथेच होतं." तिने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही ते उंच, बारीक सुरांचं बटण वाढवत गेलात. आज जरा, उद्या जरा. मला कानात टाचणी टोचल्यासारखं व्हायला लागलं. मग मशीन इकडे आणलं. भिंतीआडून बरं वाटायचं."

"मला वाटलं, तुला उजेड हवा म्हणून तू इकडे आलीस."

"इथे कुठलाय उजेड?"

फोरमननी खिडकीकडे पाहिलं. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. ती भिंत ते रोज पाहत आले होते.

"बोलली का नाहीस मग?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, 'हो, चालेल.'"

फोरमनना हसावं की रडावं, कळेना. ते तसेच बाहेर गेले, मऊ आवाजाची जोडी लावली आणि बायकोला हाताला धरून आणून सोफ्यावर बसवलं. आता सगळं ठरल्यातच जमा होतं. तिला टोचणार नाही, तीच जोडी ठेवायची.

तिने ऐकलं. मान हलवली. पण कपाळावर आठी.

"काय झालं? टोचतंय?"

"छे, छानच आहे. पण..." ती अडखळली. "ही ती बासरी वाटत नाही हो. इतकी वर्षं मी ती भिंतीतून ऐकली ना. ही कुणी दुसराच वाजवतोय असं वाटतंय."

"म्हणजे नको?"

"तसं कुठे म्हटलं?"

"मग हवी?"

"अहो, मला तरी काय माहीत!"

मग दोघांची गंमतच झाली. ती स्वयंपाकघरात जाऊन ऐकायची, हे दिवाणखान्यात. मग जागा बदलायच्या. हे यंत्र काढायचे, लावायचे. मऊ जोडी आत ऐकूच जात नव्हती. टोचणारी आत झकास वाजायची आणि बाहेर बसवेना. "आता?" हे ओरडायचे. "आता बरं!" ती ओरडायची. "कुठली लावलीत?" त्यांना ते सांगता यायचं नाही. शेवटी दोघंही दमून सोफ्यावर येऊन बसली. त्या वेळी वाजत होती ती मऊ जोडी. उठून बदलायचं त्राण कुणातच नव्हतं.

बासरी चालू राहिली. बऱ्याच वेळाने बायको म्हणाली, "तो मध्येच श्वास घेतो."

"कोण?"

"बासरीवाला. आत्ता घेतला, बघा."

फोरमननी कान टवकारले. काहीच आलं नाही. त्यांनी गाणं मागे घेतलं. "इथे," ती म्हणाली. तरी नाही. पुन्हा मागे. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नेमक्या क्षणी बोट दाबलं. तिथे काहीतरी होतं खरं, सुरांच्या मधोमध, सुस्कारल्यासारखं. पण ते आपल्याला ऐकू आलं, की तिने बोट दाबलं म्हणून आल्यासारखं वाटलं, हे त्यांना ठरवता येईना.

"आला ना?" तिने विचारलं.

"आला बहुतेक," ते म्हणाले. "परत एकदा लावतो."

दुसऱ्या दिवशी जावई आला तेव्हा टोचणारी जोडी खोक्यात भरून दाराशी ठेवलेली होती. "म्हणजे ठरलं तर! छान," तो म्हणाला. "पण दुसरी जोडीच का ठेवली, बाबा? काय आवडलं नेमकं?"

फोरमननी प्रामाणिकपणे विचार केला. मग बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

"ते अजून कळायचंय," ते म्हणाले, आणि खोक्याची एक बाजू उचलू लागले.