पुढच्या दोन रांगा

विनी हॅस्केल मुलगी आहे, हे तिला पडद्यावर पाहणाऱ्या कोणाला सांगूनही पटलं नसतं. केस बारीक कापून, मोठी हॅट कानांपर्यंत ओढून ती ‘छोटा बक’ व्हायची आणि पिंटो क्रीकच्या टेकड्यांमधून दर आठवड्याला एका तरी दरोडेखोराला पकडून आणायची. वय वर्षं नऊ. तिचे वडील एसा त्याच मूकपट कंपनीत घोडेस्वार होते. गोळी लागल्यासारखं घोड्यावरून पडणं हे त्यांचं काम. सकाळी ते दरोडेखोर म्हणून पडत, दुपारी शर्ट बदलून शेरीफचा माणूस म्हणून.

विनीला सगळं येत होतं. भरधाव घोडा, धावत्या गाडीवरून उडी, दोरीने बांधून घेणं, दोरी सोडवून पळणं. फक्त रडता येत नव्हतं.

दिग्दर्शक डफी यावर पूर्वी एक उपाय करायचा. कॅमेरा सुरू झाला की तो ओरडायचा, “पोरी, तुझं तट्टू मेलं!” पहिल्यांदा विनीने असा हंबरडा फोडला की कॅमेरावाल्याचेही डोळे भरून आले. दुसऱ्यांदा ती चालू दृश्यातून उठून तबेल्याकडे पळाली. तिसऱ्यांदा तिने मानसुद्धा वळवली नाही. मग डफीने “तुझ्या बाबांचा पाय मोडला” असं करून पाहिलं, तर तिने विचारलं, “कुठला?”

मग छोट्या बकची आई, म्हणजे ओडेलबाई, मरण्याचं दृश्य आलं, तेव्हा डफीने हात टेकले. “खाटेजवळ गुडघे टेक, हात जोड, ओठ हलव. बोल काहीही. ऐकू कोणाला येणार आहे?”

विनी बोलली.

चित्रपट तयार झाला आणि कंपनीचे मालक क्रॅट्झ तो पाहायला सॅन फ्रान्सिस्कोहून आले. गावातल्या थिएटरात, गावातल्या लोकांबरोबर बसून पाहायचा असा त्यांचा शिरस्ता होता. पडद्याकडे ते कमी बघत, लोकांकडे जास्त.

“मरणाच्या दृश्याला लोक रडले, तर पोरीशी वर्षाचा करार,” त्यांनी डफीला सांगितलं. “नाही तर माझ्याकडे एक मुलगा आहे. सांगाल तेव्हा रडतो. सांगितलं नाही तरी रडतो.”

करार झाला नाही, तर काय होणार हे एसाने मुलीला आधीच समजावलं होतं. काम नसलेल्या पोराला कंपनीच्या तळावर राहता येत नसे. तिला फ्रेस्नोला एडनामावशीकडे जावं लागणार होतं. मावशीकडे बेदाण्याचं गोदाम होतं, रोज शाळा होती आणि घरातसुद्धा बूट घालायचे असत.

थिएटर भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत बहिऱ्या मुलांच्या शाळेतली मुलं होती. दर शनिवारी त्यांच्या शिक्षिका टॉलिव्हरबाई त्यांना घेऊन येत. मूकपट त्यांच्याइतके मन लावून गावात दुसरं कोणी पाहत नसे.

आईच्या मरणाचं दृश्य आलं. पियानोवाल्याने सूर खाली आणले. मागे कोणीतरी नाक शिंकरलं. बायकांचे रुमाल निघाले. विनीने बापाचा हात घट्ट धरला.

आणि पुढच्या दोन रांगा हसत सुटल्या.

साध्या हसल्या नाहीत. एक मुलगा खुर्चीतून घसरला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. टॉलिव्हरबाई हातांनी दटावत होत्या, मुलं हातांनीच त्यांना काहीतरी सांगत होती, आणि ते पाहून बाईही लालेलाल होत चालल्या होत्या. विनीला कारण त्यांच्याही आधी कळलं. तिने हॅट नाकापर्यंत ओढली.

चित्रपट संपल्यावर क्रॅट्झ थेट पुढे गेले. “बाई, एक आई मेली. यात हसण्यासारखं काय होतं?”

“त्यांना ओठ वाचता येतात, साहेब,” टॉलिव्हरबाई म्हणाल्या. “मला इतकं पटकन नाही जमत. पण मुलं सांगतात...”

“काय सांगतात?”

“मुलगा आईला म्हणतो, ‘ओडेलबाई, तोंड तिकडे करा, कांद्याचा वास मारतोय.’”

“आणि आई?”

“आई म्हणते, ‘मरतेय मी, कार्टे. मरताना मान वळवता येत नाही.’ त्यावर तो म्हणतो, ‘मग मरा लवकर, गुडघ्याला खडा टोचतोय.’ त्याच्या पुढचं मी तोंडाने बोलणार नाही. ते घोडेवाल्यांकडून शिकलेलं दिसतंय.”

एसाने छताकडे पाहिलं.

“अशा शाळा प्रत्येक राज्यात आहेत,” क्रॅट्झ डफीवर वळले. “प्रत्येक गावात माझ्या चित्रपटात आई मरेल आणि पुढच्या रांगा हसतील! उद्या सकाळी ते दृश्य पुन्हा घ्या. बाई, तुमच्यातलं ओठ वाचण्यात पटाईत कोण?”

बाईंनी अल्मा नावाच्या बारा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवलं. मघाशी सगळ्यात जास्त हसलेली तीच.

“ही उद्या कॅमेऱ्याजवळ बसेल. एक वावगा शब्द निघाला, तर आई आणि मुलगा दोघांनाही घरी पाठवतो.”

सकाळी सगळे हजर होते. मरणाची खोली म्हणजे अंगणात उभ्या केलेल्या तीन भिंती होत्या, वर उन्हासाठी पांढरं कापड. ओडेलबाई खाटेवर पडल्या होत्या. आज त्यांनी नाश्तासुद्धा केला नव्हता. कॅमेऱ्याशेजारी क्रॅट्झ, त्यांच्या बाजूला अल्मा, तिच्या मागे टॉलिव्हरबाई.

“सुरू!” डफी ओरडला आणि सवयीने पुढे म्हणाला, “पोरी, तट्टू...”

“आत्ताच गवत घालून आले,” विनी म्हणाली.

तिने गुडघे टेकले, हात जोडले आणि प्रार्थना म्हटली. अक्षर न् अक्षर बरोबर. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. कॅमेऱ्याचा खटखटाट चालू होता, त्यावर डफीचं “आई चालली! आई चालली रे!” चालू होतं. त्या गोंगाटात खाटेवरचं बोलणं दोन पावलांवरही ऐकू गेलं नसतं.

“रड ना गं,” ओडेलबाई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या.

“येत नाही.”

“मावशीला आठव.”

“आठवली. नुसता राग येतोय.”

ओडेलबाईंनी गोधडीखालून तिला चिमटा काढला. तट्टूचे चावे खाल्लेल्या विनीला तो जाणवलाही नाही.

“मग माझी तरी दया कर,” बाई म्हणाल्या. “चार वर्षं झाली, मला मरण्याशिवाय दुसरं काम कोणी दिलेलं नाही. तापाने मेले, बाणाने मेले, पुरात मेले. एकदा अस्वलाने मारलं, तर अस्वलाला माझ्याहून जास्त पगार. आणि आता कांद्यापायी नोकरी जातेय. आज नीट मेले नाही तर खरंच मरायची वेळ येईल गं.”

हे सगळं बाई अखेरच्या घटकेच्या चेहऱ्याने बोलत होत्या. विनीने ओठ चावला. हसू दाबलं. ते नाकातून निघू पाहत होतं म्हणून तिने तोंड गोधडीत खुपसलं. खांदे गदगदा हलू लागले. मान वर केली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“वा! वा!” डफीचा आवाज फुटला. “अशीच राहा!”

“बाई, गप्प बसा,” विनी हुंदके देत म्हणाली, “मी आता चड्डीत मुतेन.”

ओडेलबाईंनी तत्काळ मान टाकली. दृश्य संपलं.

कॅमेरा थांबला. क्रॅट्झनी रुमाल काढून नाक पुसलं आणि अल्माकडे वळून विचारलं, “काय बोलत होती?”

विनी गुडघ्यांवरच होती. अल्मा खालचा ओठ दातांत धरून बसली होती, तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. तिने सगळं वाचलं होतं, यात शंकाच नव्हती. ओडेलबाईंनी मेल्या मेल्याच एक डोळा किलकिला केला.

अल्माचे हात उठले. सावकाश, नीट हलले.

टॉलिव्हरबाई सांगू लागल्या, “अल्मा म्हणते, आधी त्याने पूर्ण प्रार्थना म्हटली. मग आईने सांगितलं, की आयुष्यात तिचे फार हाल झाले, आणि कोणाला तिची दया आली नाही. तो म्हणाला, बोलू नकोस. मला आता सहन होत नाही.”

टॉलिव्हरबाईंनी अल्माकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अल्माने शाळेत शिकवल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवले होते.

“हेच शब्द पडद्यावर लिहा,” क्रॅट्झ घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जसेच्या तसे. हॅस्केल, ये, सही कर. आणि डफी, पुढच्या चित्रपटात आई म्हणून याच बाई घे.”

“पुढच्यात आई पहिल्याच दृश्यात मरते, साहेब.”

“मरू दे. छान मरतात.”

एसा सही करायला गेले. विनीला अल्माचे आभार मानायचे होते, पण मध्ये क्रॅट्झ होते, बाई होत्या, सगळी माणसं होती. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणावर चढून बसली आणि तिने आवाज न करता नुसते ओठ हलवले, “घोड्यावर बसायचंय?”

टॉलिव्हरबाई वळून पाहतात तो अल्मा स्कर्ट दोन्ही हातांनी उचलून तबेल्याच्या दिशेने धावत सुटली होती.