तांब्याच्या हंड्यातलं पाणी

रंजिताचं पत्र म्हसा गावच्या जत्रेच्या सुमारास आलं. निळं अंतर्देशीय पत्र, वर तुतिकोरिनचा शिक्का. काकूचे गुडघे, माझा खोकला, तिथलं ऊन, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ वेगळी टाकली होती. "काका, फोनवर तुम्ही 'बरंय सगळं' म्हणालात. दामूशेठच्या दुकानात चार माणसं ऐकत होती म्हणून म्हणालात, मला कळलं. आता खरं लिहा. ती उघडतात का?"

मी उत्तर लिहिलं नाही. आज नाही तर उद्या उघडतील, मग चांगलंच लिहू, असं रोज वाटायचं. जत्रेतले पाळणे उतरवले गेले, बैल विकून माणसं घरी गेली, आणि ते पत्र माझ्या उशीखाली चपटं होत राहिलं.

'ती' म्हणजे मऊ प्रवाळं. रंजिता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर आमच्याकडे मुरबाडला राहिली, इथूनच एसटीने कल्याणच्या कॉलेजला गेली आणि समुद्राच्या जिवांमध्ये अडकली. तिच्या सरांनी तिला नखाएवढे तीन तुकडे दिले. ते तिने आमच्या पुढच्या खोलीत एका काचेच्या टाकीत वाढवले. टाकी आमच्या जुन्या ट्रंकेएवढी. त्यात खारं पाणी, दगड, वर निळसर ट्यूब. एक प्रवाळ अळंबीसारखं, छत्री उघडून बसलेलं. दुसऱ्याला बोटं होती. तिसरं म्हणजे मुठींचा एक गुच्छ, त्या मुठी दिवसभर उघडायच्या नि मिटायच्या. मी निवृत्त ग्रंथपाल. हातात पुस्तक घेऊन टाकीसमोर बसायचो आणि पान उलटायचं विसरायचो.

सर पुढे वारले. त्यांच्या टाक्या कुणी चालवल्या नाहीत. पुढच्या अभ्यासासाठी तुतिकोरिनला निघताना रंजिता म्हणाली, "काका, सरांचं बियाणं आता एवढंच उरलंय. मी परत येईपर्यंत जपा." मी मान हलवली. मला जमेल असं तेव्हाही वाटलं नव्हतं.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आणि अगदी शुद्ध पाण्याची. रंजिताने बॅटरीत घालतात त्या पाण्याचे कॅन भरून ठेवले होते. ते संपत आले तेव्हा मी स्टँडमागे धाऊच्या गॅरेजवरून एक कॅन आणला, आणि दोन दिवसांनी पुन्हा गेलो. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला धाऊ मास्तर म्हणतो.

"मास्तर, परवाच नेलंत ना? गाडी नाय, ट्रॅक्टर नाय. पिता का काय बॅटरीचं पानी?"

बाकावरची माणसं हसली. एक म्हणाला, "म्हून तर मास्तर चार्ज हायेत या वयात."

मीही हसलो. एक कॅन घेतला आणि परत तिकडे फिरकलो नाही. तो कॅन अडीअडचणीला म्हणून पलंगाखाली ठेवला.

मग शुद्ध पाणी आणायचं कुठून? विहिरीचं पाणी उकळायचं, धोतराच्या फडक्याने गाळायचं, हे माझं मीच ठरवलं. रात्रभर ठेवायचं कशात, हे सरिताने ठरवलं. सरिता माझी बायको, टोकावड्याची. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत तिने म्हशाला तांब्याचा हंडा घेतला होता. रोज चिंचेने घासून आरशासारखा ठेवते. घरातलं पिण्याचं पाणी त्यात, देवाचंही त्यातलंच.

"माज्या हंड्यातलं घ्या," ती म्हणाली. "देवाला चालतं, तुमच्या त्या फुलान्ला का नाय चालनार?"

मलाही ते बरोबर वाटलं. तांब्यातल्या पाण्याचे गुण मी कितीतरी पुस्तकांत वाचले होते. घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी आपण त्यांना देतोय, असं समाधान होतं.

आधी काचेवरच्या गोगलगायी गळून पडल्या. लहान होत्या, म्हातारपणाने गेल्या असतील असं मी म्हटलं. मग मुठी मिटल्या त्या उघडल्याच नाहीत. अळंबीच्या छत्रीवर मेणासारखा थर आला. रंजिता सांगून गेली होती, "ते कधीकधी कात टाकतं, घाबरू नका." म्हणून मी घाबरलो नाही. आणखी पाणी बदललं. हंड्यातल्याच पाण्यात मीठ कालवून.

मुठींचा गुच्छ एका सकाळी दगडावर नव्हताच. तळाशी शेवाळी चिखल होता आणि खोलीत नासक्या अंड्याचा वास. सरिताने नाकाला पदर लावला आणि दार उघडून दिलं.

मी वाचनालयात गेलो. नव्या ग्रंथपालाने मला जुन्या कपाटाची किल्ली दिली. शोभेच्या माशांवर एक पातळ पुस्तक होतं, मीच कधीतरी नोंदवून घेतलेलं. त्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात त्यावरचं औषध दिलं होतं, मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्याच क्षाराचं. खाली बारीक अक्षरात सूचना होती की टाकीत गोगलगायी किंवा प्रवाळ असल्यास हे औषध वापरू नये, तांब्याचा अंशही त्यांना मारक असतो.

ती ओळ मी पुन्हा वाचली नाही. पुस्तक जागेवर ठेवलं, किल्ली परत दिली.

घरी सरिता हंडा घासत बसली होती.

"आज पानी नाय घेतलंत हंड्यातलं?"

"नको आज."

"का? बाटलं का?"

मी टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने हंडा पालथा घातला, हात पुसले, माझ्याशेजारी आली. काचेतून आत बघितलं.

"तांब्यानं झालं?" तिने विचारलं.

"माझ्यामुळे झालं."

"हंडा माजा हाय," ती म्हणाली. "तुमी एकट्यानं नका घेऊ डोक्यावर."

बोटांचं प्रवाळ तोवर मुळापासून पांढरं पडून विरघळत होतं. त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. अळंबीचा देठ काळा पडला होता, पण छत्रीच्या एका कडेला अंगठ्याएवढा भाग अजून पिवळसर आणि घट्ट होता. सगळं पाणी बदलावं, तर दगड तांबं पिऊन बसलेले, ते पुन्हा सोडणार. एकच करता येत होतं. तेवढा तुकडा कापून वेगळ्या पाण्यात ठेवायचा.

पलंगाखालचा कॅन काढला. रंजिताने ठेवलेलं समुद्राचं मीठ त्यात विरघळवलं आणि लोणच्याची काचेची बरणी भरली. हवेचा छोटा पंप टाकीतून काढून बरणीत सोडला. दाढीचं नवं पातं घेतलं. सरिताने माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून कापलं. कोंबडीच्या कातडीसारखं लागलं. पाणी दुधाळ झालं. तुकडा एका शंखाच्या कवचावर ठेवून तिने शिवणाच्या दोऱ्याने बांधला.

"फार आवळू नकोस," मी म्हणालो.

"मीच बांधतंय, तुमी कशाला सांगताय?"

तुकडा बरणीत गेला आणि सुरकुतल्या मनुकेसारखा बसून राहिला. दोरा त्याला रुतला, एका बाजूने थोडा कुजला, तो भाग मी पुन्हा कापला. उरला तो करंगळीच्या टोकाएवढा. टाकीतली अळंबी दरम्यान कोसळली. मी टाकीची ट्यूब बंद केली. पुढची खोली एकदम साधी दिसायला लागली.

तुकडा मेलेला नाही. पण उघडतही नाही. भिंगाने पाहतो तर अंगावर बारीक खड्डे दिसतात, ज्यांतून पूर्वी फुलं बाहेर यायची. मला वाटत नाही तो वाचेल. असं आधीही कितीदा वाटलं आणि खरं झालं.

"पोरीला लिवा," सरिता म्हणाली.

"काय लिहू? हे वाचून ती तिकडून काय करणार?"

"रडंल. आनि काय करंल? पन तिची हायेत ना ती. तिला न सांगता मरायची का?"

बरणीतलं पाणीही आता उतरलं होतं, आणि पलंगाखाली कॅन नव्हता.

मी पत्र लिहिलं. चुरगळून पुन्हा लिहिलं. शेवटी राहिलं ते असं: "चि. रंजिता, अनेक आशीर्वाद. तू विचारलंस ते खरं लिहितो. उघडत नाहीत. दोन गेली. तिसऱ्याचा एक कण बरणीत आहे, तोही मिटलेला. पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवत होतो. मला माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. सरांचं बियाणं माझ्या हातून गेलं असं धरून चाल. काकूला काही लिहू नकोस, तिने हंडा माळ्यावर टाकला आहे. तुकड्यासाठी काही करता येण्यासारखं असेल तर लगेच कळव. मला आशा नाही, पण पाणी घालत राहीन."

पत्र खिशात ठेवून आधी धाऊच्या गॅरेजवर गेलो. बाकावर तीच माणसं.

"काय मास्तर, चार्जिंग उतरली?"

"चार कॅन दे," मी म्हणालो. "घरी समुद्रातला एक जीव आहे. त्याला लागतं."

कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल. धाऊने कॅन सुतळीने बांधून दिले. "जगंल का पन तो?" त्याने विचारलं.

"बहुतेक नाही."

कॅन दोन्ही हातांत घेऊन पोस्टापर्यंत आलो. पेटीपाशी ते खाली ठेवले, पत्र काढलं, पत्ता एकदा वाचला आणि आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी बहुतेक भरलेली होती.